शेवटी जेवणारी बाई

माझ्या पायांना बसणं ठाऊकच नव्हतं. आमच्या धामणगाव बढ्याच्या घरात प्रत्येकाची बसायची जागा ठरलेली होती. बाबा ओट्यावरच्या बाजेवर, दिगंबरभाऊ दाराच्या उंबऱ्यावर, माय चुलीपुढे. मी मात्र या सगळ्यांच्या मधून येरझाऱ्या घालत असायचे. कुणी विचारलं की कुठं चालली, तर मला सांगता येत नसे. "पोटात होती तवाच चालून राह्यली होती हे," माय म्हणायची. "बाहीर आल्यावर काय थांबते?"

दुसरी गोष्ट म्हणजे आवाज. देवानं मला रूप देताना हात आखडता घेतला आणि उरलेलं सगळं गळ्यात ओतलं. आमचं शेत नाल्याच्या पलीकडे होतं. ओट्यावर उभं राहून मी भाऊला हाक मारली की बैल आधी घराकडे निघायचे, भाऊ नंतर. त्या आवाजाचा मला इतका गर्व होता की आता आठवून हसू येतं. गावातल्या मुलींना लांब केसांचा गर्व असायचा, गोऱ्या रंगाचा असायचा. मला भोंग्याचा होता.

घरात जेवणाचा एक क्रम होता. तो कुणी सांगितलेला नव्हता, त्यामुळे मोडायची सोयही नव्हती. आधी बाबा आणि पाहुणा असेल तर पाहुणा. मग भाऊ. मग मी. मग वर्षाच्या बोलीवर ठेवलेला आमचा सालदार गणपत. मग गोठ्यातल्या कुत्र्याची भाकर बाजूला काढून ठेवायची, आणि मग माय. भाकर थापायचा आवाज हे आमच्या घराचं घड्याळ होतं. काठवटीत थप थप थप, मग तव्यावर टाकल्याचा चर्र, मग निखाऱ्यापाशी भाकर फुगून उभी राहिली की माय ती मधल्या खोलीत बाबांच्या ताटात नेऊन टाकायची. वरचा पापुद्रा फोडला की आतून वाफ निघायची, त्यात तुरीचं वरण, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि थंडीत अंबाडीची भाजी. मायच्या वाट्याला यायची ती थंड भाकर आणि पातेल्याच्या बुडाशी जे लागलेलं असेल ते. ती ते चुलीकडे तोंड करून खायची, पाठ आमच्याकडे. तिला जेवताना पाहिल्याचं मला आठवतच नाही. पाठ मात्र आठवते.

त्या वर्षी कापूस वेचणी सुरू व्हायच्या सुमाराला एका सकाळी थप थप थांबली. थांबली ती सुरू होईना. मी आत गेले तर माय भिंतीला टेकून बसलेली, हाताला पीठ, तोंड त्या पिठासारखं पांढरं. मोताळ्याहून डॉक्टर आणला. त्यानं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि बाबांना म्हणाला, "बाईच्या अंगात रक्त नाही. वेळेवर आणि पोटभर खाऊ घाला. दुसऱ्यांदा अशी पडली तर माझ्याच्यानं काही होणार नाही." बाबांनी लाल औषधाची बाटली आणली, कोनाड्यात ठेवली, आणि आपल्याकडून विषय मिटवला. बाबा वाईट नव्हते. औषध रोज कमी होतंय की नाही ते वाकून पाहायचे. ताट कुणी पाहत नव्हतं.

तेव्हापासून तर माझं बसणं पारच सुटलं. शाळेचं पुस्तक समोर असायचं आणि कान चुलीकडे. थप थप जराशी अडखळली, मायनं नुसता पदर सावरला, तरी मी उठून दारात. "काय हाये वं?" ती वैतागायची. "काही नाई," मी म्हणायचे आणि परत फेऱ्या सुरू.

अशात शाळेत मुलींची छात्रसेना निघाली. आमच्या कवायतीच्या सरांची शिकवायची पद्धत एकच होती, ती म्हणजे ओरडणं. त्यांनी सगळ्या मुलींना मैदानात उभं केलं आणि एकेकीला 'सावधान' म्हणायला लावलं. माझी पाळी आली तेव्हा शाळेच्या कौलांवरची कबुतरं उडाली. सर म्हणाले, "बस. हीच कमांडर." निवड एवढीच. त्यात अक्कल तपासायचं कुणाच्या मनात आलं नाही, माझ्या तर नाहीच. खाकी कपड्यात मी स्वतःला सेनापती समजायला लागले. मी मुलींना शिकवलं की माझ्या तोंडातून शब्द निघाल्याशिवाय पापणी हलवायची नाही, आणि चालायला लागलं की 'थम' म्हणेपर्यंत थांबायचं नाही. समोर विहीर असली तरी नाही.

"विहीर असली तं?" शमीमनं विचारलं होतं. शमीम म्हणजे आमच्या गावच्या शिलाईवाल्या रहीमचाचांची मुलगी, माझी मैत्रीण, आणि माझ्याच तुकडीत.

"तं पोहायचं," मी म्हटलं.

परवा नातीचा फोन आला म्हणून हे सगळं वर आलं. सई, माझ्या मुलीची मुलगी, सैन्यात कॅप्टन आहे. असल्या डोंगरावर आहे की आजीशी बोलायचं तर तिला एका विशिष्ट दगडावर चढून उभं राहावं लागतं. म्हणाली, "आजी, मला वरिष्ठांसमोर बोलायचंय. विषय आहे ट्रान्सफॉर्मेशनल लीडरशिप." म्हटलं, एवढा लांब शब्द उच्चारेपर्यंत शत्रू जेवून जाईल, मराठीत सांग. ती हसली. "म्हणजे हुकमानं काम करून घ्यायचं नाही. आपण असं वागायचं की समोरचा माणूसच आतून बदलेल. आजचा जवान शिकलेला आहे, आजी. आईचं ऑपरेशन आहे हे त्याला पहाऱ्यावर उभं असताना मोबाइलवर कळतं. त्याला नुसतं 'कर' म्हटलं तर तो करतो. पण तेवढंच करतो." मी म्हटलं, बाई गं, तेवढंच करण्याचं काय होतं ते मला विचार. मी डाळीचं पातेलं सांडलेलं आहे.

ते असं झालं. दिवाळीच्या सुट्टीत मेहकरला मुलींचं शिबिर भरलं. गावाबाहेरच्या मैदानात तंबू, भोवती तुरीची शेतं. मायला सोडून जायला माझा जीव होत नव्हता, आणि न जायलाही होत नव्हता. मायनंच घालवलं. "जाय. घरात फिरून फिरून जमीन उकरून राह्यली. तिकडं तरी सरळ रेघेत चालशील." लाल गाडीच्या खिडकीतून पाहिलं तर ती फाट्यावर उभी होती, आणि उन्हात एवढा वेळ का उभी राहते म्हणून मी गाडीतूनच तिच्यावर ओरडले. पुढचे प्रवासी दचकले.

शिबिराच्या मुख्य म्हणून एक कॅप्टन मॅडम येणार असं आम्ही ऐकलं होतं. मी मनात मूर्ती तयार ठेवली होती. धिप्पाड, मिशा असत्या तर मिशांसकट. आल्या त्या कुरियन मॅडम. केरळच्या, बुटक्या, सावळ्या, कडक इस्त्रीची खाकी साडी, काळे बूट. हिंदी मोडकी आणि आवाज इतका हळू की ऐकायला पुढे सरकावं लागायचं. त्यांनी आमची नावं विचारली. मग प्रत्येकीला घरी कोण कोण आहे ते विचारलं. मला विचारलं तेव्हा मी ताठ उभी राहून बाबांचं नाव, शेत, बैल सगळं सांगितलं. "और माँ?" त्या म्हणाल्या. "माँ घर में है," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तबीयत?" मला अजून कळलेलं नाही की त्यांना हे कसं सुचलं. मी 'ठीक' म्हणाले आणि पाय बदलला.

मग दुपारचं जेवण झालं आणि माझ्या डोक्यानं एक थोर शोध लावला. जेवणाच्या तंबूपाशी सगळ्यात आधी ताट घेऊन बसले ते कोठीबाबू. म्हणजे शिबिराचं धान्य, गूळ, तेल ज्यांच्या ताब्यात होतं ते पोटवाले गृहस्थ. डाळ चाखून पाहायचं काम त्यांचं, आणि ते ताटभर चाखायचे. मग आम्ही मुली. मग शिपाई, आचारी, पाणी आणणारी बाई. आणि सगळ्यांचं झाल्यावर, पातेल्यात वाकून पाहून, कुरियन मॅडम.

आता तुम्हीच सांगा, धामणगाव बढ्याच्या मुलीनं यातून काय समजायचं? मी ताबडतोब समजले की ही बाई म्हणजे शिबिरातली धाकटी सून. हिला कुणी मोजत नाही. खरे साहेब म्हणजे कोठीबाबू. तेव्हापासून मी मॅडमना सलाम करायचा तो ओझरता, मान हलवल्यासारखा, आणि कोठीबाबू दिसले की टाच आपटून असा कडकडीत की त्यांच्या हातातला गूळ हलायचा. ते बिचारे गोंधळले. पण सलाम कुणाला नको असतो? दुसऱ्या दिवसापासून ते पोट आत ओढून चालायला लागले.

आणि त्या सलामानंच घात केला. मी तुकडीची कवायत घेत होते. तेज चल म्हटलं, मुली निघाल्या, पावलांचा आवाज असा एकसारखा की माझंच मला कौतुक वाटलं. तेवढ्यात कोठीतून बाबू निघाले. मी तिकडे वळले, टाच आपटली, सलाम ठोकला. त्यांनी घेतला. सावकाश घेतला. मग मागे काहीतरी मोठं कोसळल्याचा आवाज आला.

माझी तुकडी सरळ स्वयंपाकाच्या तंबूत शिरली होती. पहिली रांग दोरीला अडखळली, दुसरी तिच्यावर, तंबूची एक बाजू खाली आली, आणि डाळीचं सगळ्यात मोठं पातेलं आडवं झालं. मजा म्हणजे मागच्या रांगेतल्या मुली अजून जागच्या जागी पाय आपटत होत्या. कारण मी थम म्हटलंच नव्हतं.

कुरियन मॅडम धावत आल्या. पहिल्यांदा त्यांनी विचारलं, कुणाला भाजलं का. शमीमच्या घोट्यावर चार थेंब उडाले होते. मॅडम खाली मातीत बसल्या, तिचा बूट काढला, तांब्यानं पाणी ओतलं. मग उभ्या राहून त्यांनी मुलींना विचारलं, "तंबू दिखा था?"

"दिखा था, मॅडम."

"फिर?"

"ऑर्डर नहीं था, मॅडम!" सगळ्या एका सुरात.

सांगते, त्या क्षणी माझी छाती फुगली. डाळ मातीत चालली होती, आणि मी विचार करत होते की काय शिस्त आहे माझ्या तुकडीची! मॅडम माझ्याकडे वळल्या. त्या काही बोलायच्या आतच मी म्हटलं, "मॅडम, तंबू बीच में ठोका है." आचारी मला मारायलाच उठला होता.

मॅडम रागावल्या नाहीत. मी वाट पाहत होते, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. संध्याकाळच्या हजेरीला पाहणीला आलेल्या मोठ्या साहेबांसमोर त्या पुढे झाल्या आणि सरळ म्हणाल्या की आजची डाळ माझ्या चुकीनं सांडली, शाळेनं दिलेली कमांडर मी तशीच ठेवली होती, तिला काय शिकवायचं ते मी शिकवलं नव्हतं. माझं नावसुद्धा घेतलं नाही. मला वाटलं होतं चूक अंगावर आली नाही की हलकं वाटतं. तसलं काही वाटत नाही.

जेवायला उरलेली थोडी डाळ मुलींना वाढली. पाणी आणणाऱ्या बाईपर्यंत ती कशीबशी पोचली. मॅडमनी पातेल्यात पाहिलं, झाकण ठेवलं, आणि रोटी, कांदा, मीठ घेऊन बाजूच्या पेटीवर बसल्या. आरामात जेवत होत्या, जसं काही हेच ठरलं होतं.

"बिचारी," मी शमीमला म्हटलं. "तिले काहीच उरलं नाई. कोठीबाबू तं आधीच जेवले."

शमीम पायाला ओला फडका धरून बसली होती. "पागल हायेस का बे? ते सगळ्यात मोठ्या साहेब हायेत इथं. फौजेत मोठा साहेब शेवटी जेवते. आधी जवानाले पुरलं का पाह्यते, मंगच हात धुते. माये मामू फौजेत डायवर हायेत, त्यायनं सांगितलं." आणि मग तिला हसू फुटलं. "म्हणून तू त्या गूळवाल्याले सलाम ठोकून राह्यली होती?"

माझ्या डोक्यात वेगळंच फिरत होतं. "मंग आमची माय?"

"काय तुई माय?"

"ते बी शेवटीच जेवते."

शमीम हसायची थांबली. "तुया मायले कोण सलाम ठोकते? साहेब आपल्या मनानं थांबते. तुया मायले कोणी इचारलं का, थांबतेस का म्हणून?" मग मॅडमकडे मान करून, "आन साहेब जेवला का नाई ते पाहाले बी कोणीतरी असते. ते पाह्य."

पाहिलं. मागच्या रांगेत पाय आपटत राहिलेली एक मुलगी उठली, आपल्या वाटीतला गुळाचा खडा मॅडमच्या ताटात ठेवला आणि लाजून पळाली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तर गंमतच झाली. मुली डाळ घेताना आधी पातेल्यात वाकायच्या, मागे किती जणी आहेत ते पाहायच्या, आणि पळी अर्धीच भरायच्या. कोठीबाबूंनासुद्धा ताटभर चाखणं अवघड होऊन बसलं, सगळ्यांच्या नजरा त्यांच्या ताटावर.

माझं कमांडरपद मॅडमनी शमीमला दिलं आणि मला शेवटच्या रांगेत टाकलं. मग एक विचित्र कवायत सुरू केली. हुकूम बंद. सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि शेजारणीच्या पावलांचा आवाज ऐकत चालायचं. पहिल्या दिवशी आम्ही एकमेकींवर आदळलो. माझ्यासारखीला तर ते मरणच होतं. मी जन्मभर आवाज काढलेला, घेतलेला कधी नव्हता. पण ऐकू यायला लागलं. डावीकडची मुलगी थकली की पाय ओढते. पुढची घाबरली की पाऊल लहान टाकते. एकदा मधेच माझ्या कानांना घरची थप थप ऐकू आली आणि मी एकटीच थांबले. मागून मॅडमचा हळू आवाज आला, "क्या सुना?" मला रडू आलं आणि मी माझ्या मोडक्या हिंदीत मायचं सगळं सांगून टाकलं. त्यांनी उपदेश केला नाही. "घर जाके क्या करोगी?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "ऑर्डर दूँगी." त्या हसल्या. पहिल्यांदाच मोठ्यानं हसल्या.

माणूस शिबिरातून येतो म्हणून शहाणा होऊन येतो असं नाही. मी घरी आले, पेटी ठेवली आणि तशीच खाकी कपड्यात मधल्या खोलीत उभी राहून गर्जना केली, "आजपासून या घरात सगळ्यात मोठा माणूस शेवटी जेवणार!"

बाबा पाटावर बसत होते, ते अर्धे बसलेले तसेच राहिले. "म्हंजे मी?"

"हो."

"काऊन?"

आता 'का' या प्रश्नाची मी तयारीच केली नव्हती. हुकमाला कुणी का विचारतं का? मी फौज, साहेब, जवान, डाळ असं काहीबाही बोलले. भाऊनं पळी उचलून मला सलाम ठोकला. गणपत दारात तोंडावर उपरणं धरून हसत होता. बाबा म्हणाले, "फौज शाळेत ठेवत जाय, विमल," आणि जेवायला लागले. सगळ्यात जास्त चिडली ती माय. हात धरून तिनं मला चुलीपाशी ओढलं. "बाहीर असं बोलू नको कोठी. गाव म्हणल, बायको नवऱ्याले उपाशी ठेवते. मले काय झालं? मी तं जेवतो ना!"

सईला मी त्या फोनवर मधेच विचारलं होतं की तुझं कुणी ऐकलं नाही तर तू काय करतेस. ती म्हणाली, "आधी मी ऐकते. मागं एकदा सगळ्यात तरुण जवान म्हणाला, मॅडम, या उतारावरचा बर्फ मला बरोबर वाटत नाही. पूर्वी असं बोलणं म्हणजे आगाऊपणा. मी रस्ता बदलला." म्हटलं, मग खरं निघालं का त्याचं? तर म्हणते, "ते कळलंच नाही, आजी. आम्ही तिकडून गेलोच नाही." मला हे फार आवडलं. मला तरुणपणी कुणी हे सांगितलं असतं तर मी त्यालाही ओरडले असते.

तर मी हुकूम सोडला आणि माझ्या पाळीला जेवणं सोडलं. काही न बोलता आतल्या दारात बसायचे आणि मायबरोबर शेवटी खायचे. मला वाटलं आता काहीतरी थोर घडेल. घडलं ते असं, की पातेल्याच्या बुडाशी एकीपुरतं असायचं त्यात आता दोघी झालो, आणि माय आपल्यातलं निम्मं माझ्याकडे सरकवायला लागली. "तू वाढीची हायेस, खाय." मी नको म्हटलं तरी ताटात. म्हणजे माझ्या त्यागानं माय आधीपेक्षाही कमी जेवत होती! भाऊच्या हे लक्षात आलं, तो भाजी थोडी सोडून उठायला लागला. मायनं तीही मला वाढली. मी अंगणात फिरायचे, गोठ्यापर्यंत जायचे, परत यायचे. बोलावं तर हसतात, गप्प बसावं तर माय वाळत चालली. बाबा हे सगळं पाहत होते की नाही, कळत नव्हतं. बाजेवर पडून ते आढ्याकडे बघायचे आणि पाय हलवत राहायचे. पाय हलवायची सवय माझ्यात कुठून आली ते मला तेव्हा समजलं.

अमावस्या होती. त्या दिवशी बैलांना सुट्टी असते म्हणून सगळे दुपारी घरीच. मी गोठ्याशी होते. थप थप चालू होती, मग एक थप, मग अर्धी, मग नाही.

मी धावले. माय काठवटीवर ओणवी, एक हात भिंतीला. पडली नव्हती, पडायच्या अलीकडे होती. मी तिला धरून भिंतीशी टेकवलं आणि तोंड उघडलं, साऱ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडायला. आवाजच निघाला नाही. मग मी तिच्या जागेवर बसले, काठवट पुढे ओढली आणि भाकर थापायला लागले.

मला भाकर येत नव्हती हे सांगायचं राहिलंच. माझा हात बसायचा तो धप्प, मग थांबून दोन वेळा टप टप, मग परत धप्प. कडा फाटल्या, मधे जाड राहिली. तव्यावर टाकली तर फुगायचं नावच घेईना.

तो वेडावाकडा आवाज ऐकून बाबा उठून आले. चुलीच्या खोलीच्या दारात त्यांना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. माय उठायला धडपडली. "झालंच. तुमाले वाढतो," म्हणाली. मी ती भाकर मोडून मायच्या ताटात टाकली, वरून गरम वरण ओतलं आणि ताट तिच्यापुढे सरकवलं.

"आधी त्यायले," माय म्हणाली.

मी बाबांकडे पाहिलं नाही. पुढच्या भाकरीचं पीठ हातात घेतलं. मग बाबांनी धोतर सावरलं आणि ते उंबऱ्यातच खाली बसले. पाण्याचा तांब्या त्यांच्या हाताशी होता, तो त्यांनी मायकडे सरकवला.

"मले घाई नाई," ते म्हणाले.

"तुमी असे पाहून राह्यले तं घास कसा उतरल?"

बाबांनी विचार केला आणि बसल्याजागी वळून गोठ्याकडे तोंड केलं. पाठ आमच्याकडे. तेवढ्यात भाऊ आला. "आज जेवाले हाये का नाई?"

"लाइनीत बस," बाबा गोठ्याला म्हणाले.

भाऊ बसला. गणपत त्याच्यामागे उभा राहिला, हसला नाही. मायनं पदर तोंडाशी धरून पहिला घास घेतला. मग दुसरा. वाफेनं तिचं नाक ओलं झालं होतं, निदान ती तसं म्हणाली असती. तिनं भाकरीचा मधला तुकडा बोटांनी दाबून पाहिला.

"मधून कच्ची हाये," ती म्हणाली.

मी खाली मान घालून थापत होते. ताट जमिनीवरून सरकल्याचा आवाज आला. पाहिलं तर ते रिकामं होतं आणि माझ्या गुडघ्याला टेकलेलं होतं.

"दुसरी टाक," माय म्हणाली.

हातातली तव्यावर पडली, तीही फाटली. काठवटीत मळलेल्या पिठाचा एकच गोळा उरला होता, तो बाबांचा. मी उंबऱ्याकडे पाहिलं. पाठ हलली नाही, पायसुद्धा नाही. मी तो गोळाही मायसाठीच थापायला घेतला.